शार्ल सहाव्याच्या नावाला चिकटलेली १७ पानं: एका चुकीच्या तारखेचं पूर्ण प्रकरण

जुन्या टॅरोच्या, म्हणजे चित्रांची खास पानं असलेल्या जुन्या पत्त्यांच्या, नादाला लागलेल्या माणसाला कधी ना कधी ‘१३९२ सालचा टॅरो’ भेटतोच. कुठल्यातरी फॅक्सिमिलीच्या, म्हणजे जुन्या पानांच्या हुबेहूब छापील नकलेच्या, डब्यावर, कुठल्यातरी लिलावाच्या वर्णनात, नाहीतर टॅरोच्या इतिहासाच्या अगदी पहिल्याच परिच्छेदात. गोष्ट अशी सांगतात की फ्रान्सचा राजा शार्ल सहावा वेडा झाला, त्याचं मन रमावं म्हणून ग्रँगोनर नावाच्या चित्रकाराने सोन्याचे पत्ते रंगवले, आणि त्यातली १७ पानं अजून पॅरिसला आहेत. आता यातला राजा खरा आहे, चित्रकार खरा आहे, त्याला पैसे दिल्याची नोंद खरी आहे आणि १७ पानंसुद्धा खरी आहेत. फक्त त्या पानांचा त्या नोंदीशी काडीचाही संबंध नाही. हे एकमेकांना चिकटले कसे आणि सुटे कसे झाले हे मला नीट मांडायचंय, कारण जुन्या पत्त्यांच्या संशोधनातलं याच्याइतकं शिकवणारं प्रकरण मला दुसरं माहीत नाही, आणि चुकीची तारीख अजूनही लोक खुशाल छापतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी नोंद बघू. शार्ल पूपार हा राजाचा खजिनदार, त्याच्या हिशोबात एक खर्च पडलाय: जाकमँ ग्रँगोनर या चित्रकाराला, सोनं आणि निरनिराळे रंग वापरून, बरीच बोधचिन्हं काढलेले पत्त्यांचे तीन कॅट, राजेसाहेबांच्या करमणुकीसाठी, ५६ सू पारिसी (तेव्हाचं पॅरिसचं चलन). बस, एवढंच. किती पानांचा कॅट, चित्रं कसली, हुकमाची वेगळी पानं होती का, यातलं काहीही नाही, आणि असायचं कारणही नाही, कारण खजिनदाराला पैसे कुणाला आणि कशासाठी गेले एवढंच लिहायचं असतं. पण ते साल असं आलं की लोकांच्या डोक्यात गोष्ट आपोआप तयार झाली. १३९२ च्या ऑगस्टमध्येच ल मां शहराजवळच्या जंगलातून जाताना राजाला वेडाचा पहिला झटका आला आणि त्याने आपल्याच बरोबरच्या लोकांवर तलवार चालवली. एकीकडे वेडा राजा, दुसरीकडे करमणुकीसाठी सोन्याचे पत्ते, मग काय, जोडली गोष्ट.

जोडली ती मेनेस्त्रिए या जेझुइट पंडिताने, १७०४ साली. त्याने ही नोंद उजेडात आणली याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण तिचा अर्थ त्याने असा लावला की पत्ते या प्रकाराचा शोधच ग्रँगोनरने लावला. हे टिकणारं नव्हतं. फ्लॉरेन्स शहराने २३ मार्च १३७७ ला पत्त्यांच्या खेळावर बंधन घालणारा ठराव केला होता, त्याच १३७७ मध्ये योहान्नेस नावाच्या डोमिनिकन साधूने या खेळावर लॅटिनमध्ये एक निबंधच लिहिला आणि त्यात १३-१३ पानांचे चार रंग, म्हणजे ५२ पानांचा कॅट, सरळ वर्णन करून ठेवलाय, आणि कातालान भाषेतल्या १३७१ च्या एका यमककोशात तर पत्त्यांचा शब्दसुद्धा आहे. म्हणजे ग्रँगोनरने ब्रश हातात घ्यायच्या आधी किमान वीस वर्षं युरोपात लोक पत्ते पिसत होते. शिवाय हे पत्ते युरोपात आले ते मामलुक सुलतानांच्या इजिप्तच्या बाजूने असं मानायला चांगला पुरावा आहे, इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मामलुक पत्त्यांचा एक मोठा सुंदर कॅट आहे, त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत, आणि इटलीच्या पत्त्यांचे चार रंग त्याच्या शेजारी ठेवून बघितले की नातं सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

एक गोष्ट इथेच पक्की करून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पत्ते आणि टॅरो यांच्या तारखा वेगळ्या आहेत. चार रंगांचे साधे पत्ते आधी आले, १३७० च्या दशकात. त्यांच्यावर हुकमाची २२ चित्रांची पानं चढवायची कल्पना इटलीत निघाली आणि ती बरीच नंतरची. ५६ साधी पानं आणि २२ चित्रांची असा ७८ चा कॅट म्हणजे टॅरो. त्यामुळे ‘पत्त्यांचे तीन कॅट’ एवढंच म्हणणारी नोंद दिसली की ती टॅरोची म्हणून लावायची घाई करायचीच नाही.

आता पानांकडे येऊ. ही १७ पानं आज पॅरिसच्या बिब्लिओतेक नॅस्योनालमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, स्कॅन गालिका या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, आणि ज्याने अजून बघितले नसतील त्याने हे वाचणं थांबवून आधी ते उघडावेत असं मी म्हणेन. एकेक पान साधारण १८ सेंटीमीटर उंच आणि ९ रुंद, म्हणजे आपण हातात धरतो त्या पत्त्याच्या दुपटीच्या आसपास. मागे सोन्याचा वर्ख, त्यावर टोच्याने उठवलेली नक्षी, आणि पुढे रंगात काढलेली माणसं. १७ पैकी १६ हुकमाची आहेत: फूल, एम्परर, पोप, लव्हर्स, चॅरियट, जस्टिस, हर्मिट, स्ट्रेंथ, हँग्ड मॅन, डेथ, टेम्परन्स, टॉवर, मून, सन, जजमेंट आणि वर्ल्ड. सतरावं पान तलवारीच्या रंगातला गुलाम. नसलेली हुकमाची पानं म्हणजे जादूगार, पोपबाई, एम्प्रेस, चाक, डेव्हिल आणि स्टार.

चित्रांमध्ये बघायला इतकं आहे की कितीही वेळ पुरत नाही. फूल हा गाढवाचे कान लावलेला राक्षसाएवढा माणूस आहे आणि त्याच्या पायाशी पोरं दगड वेचतायत. हर्मिटच्या हातात आपल्याला सवयीचा कंदील नाहीये, वाळूचं घड्याळ आहे, म्हणजे हा म्हातारा काळाचं रूप. मूनखाली दोन ज्योतिषी मापं घेत बसलेत आणि सनखाली एक बाई सूत कातते आहे. डेथ घोड्यावर बसून विळा घेऊन निघालाय आणि खाली पडलेल्यांत धर्मगुरूंचे मुकुट दिसतात. आज दुकानात मिळणाऱ्या टॅरोशी यातलं अर्धं जुळत नाही, आणि हे न जुळणंच पुढे कामाला आलं.

मग ही पानं राजा शार्लच्या खात्यात गेली कशी? याचा माग काढला की मालकीची साखळी म्हणजे काय ते कळतं. ही पानं फ्रांस्वा-रोजे द गेन्यिएर नावाच्या संग्राहकाकडे होती. जुनी चित्रं, थडग्यांच्या नकला, कागदपत्रं, जे मिळेल ते जमवणारा माणूस, आणि त्याने आपला सगळा संग्रह १७११ साली राजाला देऊन टाकला. तिथून पानं राजाच्या ग्रंथालयात आली आणि पुढे राष्ट्रीय ग्रंथालयात राहिली. आता नीट बघा. नोंद १३९२ ची. पानं पहिल्यांदा डोळ्यांना दिसतात ती १७ व्या शतकाच्या शेवटी. मध्ये तीनशे वर्षं, आणि त्या तीनशे वर्षांत ही पानं शार्लच्या दरबारापासून गेन्यिएरच्या कपाटापर्यंत नेणारा एकही कागद नाही, एकही यादी नाही, एकही वारसनामा नाही. गेन्यिएर फ्रेंच होता आणि पानं फ्रान्सच्या राजाकडे गेली, एवढाच काय तो फ्रेंचपणा.

गाठ पक्की झाली ती १९ व्या शतकात. तेव्हा ग्रंथालयात जुने पत्ते बघणाऱ्या लोकांसमोर दोन गोष्टी होत्या, एक मेनेस्त्रिएमुळे प्रसिद्ध झालेली सोन्याच्या पत्त्यांची नोंद, आणि दुसरी राजाच्याच संग्रहातली सोन्याच्या पत्त्यांची १७ पानं. १८४४ साली पॅरिसच्या ग्रंथप्रेमी मंडळाने जुन्या पत्त्यांच्या चित्रांचा मोठा अल्बम काढला, त्यातून ही पानं चौदाव्या शतकाच्या खात्यात लोकांपर्यंत पोचली. मला त्या माणसांचा राग येत नाही, कारण तेव्हा इटलीतल्या जुन्या कॅटांबद्दल फारसं कुणालाच माहीत नव्हतं, तुलनेला हाताशी काही नव्हतं, आणि सोनं सोन्याशी जुळलं तर माणूस खूश होणारच. पण नोंद पुन्हा शांतपणे वाचली असती तरी शंका यायला हवी होती. नोंदीत बोधचिन्हं काढलेले कॅट आहेत, या पानांवर बोधचिन्ह किंवा बोधवाक्य म्हणावं असं काहीच नाही. आणि नोंदीत सोनं आहे म्हणून या पानांवरचं सोनं तेच, हा तर पुरावाच नाही, कारण श्रीमंतांसाठी रंगवलेल्या सगळ्याच कॅटांवर सोनं असायचं.

पुढे गूढविद्येवर लिहिणाऱ्यांनी ही तारीख उचलली. त्यांच्याकडे आधीच कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये काढलेली कल्पना होती की टॅरो हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे. तिला कसलाही आधार नव्हता, पण १३९२ चा ‘सर्वात जुना टॅरो’ मिळाल्यावर इजिप्तपर्यंतची उडी निदान थोडी कमी लांबीची दिसायला लागली. त्यामुळे ही चूक दुहेरी टिकली. पत्त्यांच्या इतिहासकारांनी सोडली तरी भविष्य सांगणाऱ्यांच्या पुस्तकांत ती फिरतच राहिली, आणि तिथून ती डब्यांवर आली. खरं तर टॅरोने भविष्य सांगणं १८ व्या शतकातलं आहे, त्याआधी साडेतीन शतकं लोक त्याने फक्त खेळत होते, हात करत होते, हुकूम मारत होते. हे ठामपणे मांडलं ते मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने, १९८० मध्ये. तर्कशास्त्रातला एवढा मोठा माणूस, पण पत्त्यांच्या खेळाच्या नियमांसाठी त्याने जी मेहनत घेतली ती बघून मला तरी फार आदर वाटतो.

आता गाठ सुटली कशी ते. पहिला धागा कागदपत्रांचाच. हुकमाच्या पानांचे कॅट इटलीत ‘त्रियोन्फी’ नावाने ओळखले जायचे, टॅरो हे नाव १५०५ पासून दिसतं. त्रियोन्फीची आज माहीत असलेली सर्वात जुनी नोंद सप्टेंबर १४४० ची आहे. जुस्तो जुस्ती हा आंग्यारी गावचा नोटरी, त्याच्या रोजनिशीत लिहिलंय की फ्लॉरेन्समध्ये मुद्दाम करवून घेतलेला, सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराचं चिन्ह असलेला एक कॅट त्याने मालातेस्ताला दिला, किंमत साडेचार दुकात (सोन्याची नाणी). त्यानंतर फेब्रुवारी १४४२ मध्ये फेरारात तिथल्या सत्ताधारी एस्ते घराण्याच्या हिशोबात साग्रामोरो या चित्रकाराने रंगवलेले चार त्रियोन्फी कॅट येतात. मग नोंदींचा पाऊसच पडतो. १४४० च्या आधी काहीच नाही आणि नंतर सगळीकडून, हा आकार फार बोलका आहे. टॅरो १३९२ ला पॅरिसमध्ये असता तर मधल्या ४८ वर्षांत इटली-फ्रान्समध्ये कुणीतरी, कुठेतरी, एखाद्या हिशोबात, मृत्यूपत्रात, नाहीतर जुगाराच्या बंदीहुकुमात त्याचं नाव घेतलंच असतं. पॅरिसमध्ये १३९७ साली कामकरी लोकांनी कामाच्या दिवशी पत्ते खेळू नयेत असा हुकूम निघाला होता, त्यातही पत्ते आहेत, त्रियोन्फी नाहीत.

दुसरा धागा कपड्यांचा. लव्हर्सचं पान घ्या. वर ढगात दोन क्युपिड धनुष्य ताणून उभे आणि खाली जोडपी फिरतायत, बायकांच्या डोक्यावर उंच शिरोभूषणं, पुरुषांचे अंगरखे आखूड आणि पायात घट्ट होझ, म्हणजे पायाला चिकटून बसणारे लांब मोजे. हा १५ व्या शतकाच्या मध्याचा इटालियन थाट आहे. शार्लच्या दरबारात १३९० च्या दशकात लांब पायघोळ झगे आणि जमिनीला लागणाऱ्या रुंद बाह्यांची चाल होती, आणि राजाच्या करमणुकीसाठी काम करणाऱ्या पॅरिसच्या चित्रकाराने पन्नास वर्षं पुढची परदेशी फॅशन काढली असं कुणी म्हणू शकत नाही. जुन्या पत्त्यांची तारीख ठरवताना मी आधी कपडे, टोप्या आणि बूट बघावेत असं म्हणतो ते यासाठीच, कारण चित्रकार देवाला आणि मृत्यूला जुन्या साच्यात काढतो पण रस्त्यावरच्या माणसाला आपल्या आजच्या कपड्यातच काढतो.

इथपर्यंत पानं फ्रान्समधून निघून इटलीत पोचली. पण इटली म्हणजे नुसतं इटली नाही, मिलान वेगळं, फेरारा वेगळं, फ्लॉरेन्स वेगळं, आणि कोणत्या शहरातली हे ठरवताना सुरुवातीला फेरारा आणि व्हेनिस अशी नावं पुढे आली होती. फ्लॉरेन्सकडे बोट दाखवणाऱ्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही पानांवरच आहेत.

एक, कोनदार प्रभामंडळ. जस्टिस, स्ट्रेंथ, टेम्परन्स या सद्गुणांच्या डोक्यामागे आणि वर्ल्डच्या पानावरच्या बाईच्या डोक्यामागेही जो मंडळ आहे तो गोल नाही, बहुकोनी आहे. गोल मंडळ संतांचा. जे संत नाहीत पण पवित्र कल्पना आहेत त्यांना कोनदार मंडळ द्यायची पद्धत फ्लॉरेन्सच्या चित्रकारांमध्ये चांगली रुळलेली होती.

दोन, हँग्ड मॅन. हे पान मला या सगळ्या कॅटात सर्वात महत्त्वाचं वाटतं. एक माणूस एका पायाने उलटा टांगलाय आणि त्याच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. आजच्या टॅरोत याला त्याग, समर्पण, वेगळा दृष्टिकोन वगैरे अर्थ देतात, पण इटलीतले खेळणारे त्याला सरळ गद्दार म्हणायचे, आणि थैल्या बघितल्यावर दुसरं काही म्हणायची सोयच उरत नाही. पैसे घेऊन फितूर झालेला माणूस. फ्लॉरेन्समध्ये अशा माणसांची चित्रं सरकारी इमारतींच्या भिंतींवर, सगळ्या गावाला दिसतील अशी, उलटी टांगलेली रंगवायची शिक्षाच होती. माणूस पळून गेला असेल, हाताला लागत नसेल, तरी त्याची अब्रू भिंतीवर लटकायची. १४४० मध्ये आंग्यारीच्या लढाईनंतर फितुरांची अशी चित्रं काढायचं काम आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराला मिळालं आणि पुढे लोक त्याला टांगलेल्यांचा आंद्रेआ म्हणूनच ओळखायला लागले. तेच वर्ष, तेच आंग्यारी, जिथला नोटरी त्या सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सहून त्रियोन्फीचा कॅट नेतो. हे पान हातात आलेल्या फ्लॉरेन्सच्या माणसाला अर्थ विचारावा लागला नसणार, तो त्याने गावातल्या भिंतीवर बघितलेला होता. उलटं टांगून बदनामीची चित्रं काढणं इटलीतल्या दुसऱ्या शहरांतही होतं, त्यामुळे या एका पानावर शहर ठरत नाही, पण तिसऱ्या गोष्टीसोबत ठेवलं की वजन येतं.

तीन, आकडे. आणि इथे माझ्या मते प्रकरणाचा खरा निकाल आहे. रंगवलेल्या जुन्या कॅटांवर हुकमाच्या पानांना आकडे नसायचे, कोणतं पान कोणावर भारी ते खेळणाऱ्यांना पाठ असायचं. या पानांवर नंतर कुणीतरी शाईने बारीक रोमन आकडे घातलेत. चित्रकाराचे नाहीत, वापरणाऱ्याचे आहेत, पण म्हणूनच ते मोलाचे, कारण तो माणूस आपल्या गावात खेळतात तो क्रम लिहून ठेवत होता. डमेटने दाखवलं की इटलीत हुकमांचे मुख्य क्रम तीनच होते, एक बोलोन्या-फ्लॉरेन्सकडचा, एक फेराराकडचा आणि एक मिलानचा, आणि मिलानचा क्रमच फ्रान्समध्ये जाऊन मार्सेय पद्धतीच्या, म्हणजे फ्रान्समध्ये पुढे रूढ झालेल्या, कॅटात उतरला.

आता ताडून बघा. मार्सेयच्या कॅटात जस्टिस ८, स्ट्रेंथ ११, टेम्परन्स १४, म्हणजे तीन सद्गुण विखुरलेले, आणि सगळ्यात वरचढ पान वर्ल्ड, २१. फेराराच्या क्रमात जस्टिसला एकदम वर नेऊन वर्ल्डच्या खालोखाल बसवलंय, २० व्या जागी. आणि आपल्या १७ पानांवर? टेम्परन्स ६, स्ट्रेंथ ७, जस्टिस ८, तिघी ओळीने. वर्ल्ड १९ आणि जजमेंटचा देवदूत २०, म्हणजे देवदूत वर्ल्डवर भारी. मिलान बाद, फेरारा बाद. फ्लॉरेन्सचा मिनकियाते नावाचा ९७ पानांचा खेळ आहे, टॅरोचाच वाढवलेला भाऊ, त्यातही टेम्परन्स ६, स्ट्रेंथ ७, जस्टिस ८ आणि सर्वात वर तुताऱ्या वाजवणारा देवदूत, हुबेहूब हाच क्रम. बोलोन्यातही देवदूत वर असतो, पण तिथे सद्गुणांचा आपसातला क्रम वेगळा आहे. म्हणजे कुणीतरी शाई घेऊन बसला तेव्हा हा कॅट फ्लॉरेन्सच्या पद्धतीने खेळला जात होता.

कुणी म्हणेल आकडे नंतरचे, मग कॅट दुसरीकडे रंगवून फ्लॉरेन्सला आलेला असू शकतो. बरोबर प्रश्न आहे, आणि म्हणूनच आकडे एकटे पुरत नाहीत. पण आकडे फ्लॉरेन्स म्हणतात, मंडळ फ्लॉरेन्स म्हणतो, टांगलेला गद्दार तिथे अगदी घरचा वाटतो, आणि चित्रांची हाताळणी फ्लॉरेन्समध्ये लग्नाच्या पेट्या रंगवणाऱ्या चित्रकारांच्या कामाशी जुळते असं कलेचे अभ्यासक सांगतात. चार वेगळ्या वाटांनी निघून एकाच दारात पोचलो तर मी तरी ते दार बरोबर मानतो. १३९२ च्या बाजूने काय होतं? सोनं, आणि एक गोष्ट.

आता हे सगळं जमवणाऱ्याच्या कामाचं कसं. खरं जुनं पान तर कुणाच्या हाती लागणार नाही, आपण घेतो ती छापील फॅक्सिमिली, आणि तिथे या प्रकरणाचा थेट उपयोग आहे. ‘शार्ल सहाव्याचा टॅरो, पूर्ण २२ हुकूम’ असं डब्यावर दिसलं की त्यातली सहा पानं आजच्या कुणीतरी काढलेली आहेत हे धरूनच चालायचं, कारण सहा नाहीतच. पूर्ण ७८ असतील तर ६१ नवी. नवी काढण्यात काही गैर नाही, मला काही तशी पानं आवडतातही, पण कोणतं जुनं आणि कोणतं नवं हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो कॅट अभ्यासाला घेऊ नये. मिलानच्या राज्यकर्त्या घराण्यांच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा कॅटचंही असंच आहे, त्याची ७८ पैकी ७४ पानं उरलीत, ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या आकादेमिया कार्रारात आणि १३ एका जुन्या घराण्याकडे, त्यात डेव्हिल आणि टॉवर नाहीत, आणि उरलेल्यांतही सहा हुकूम दुसऱ्याच चित्रकाराच्या हातचे आहेत. फॅक्सिमिलीत हे सगळं एका रंगात, एका जाडीत, एका चकाकीत येतं आणि फरक पुसला जातो. म्हणून शंका आली की आधी संस्थेने स्वतः टाकलेला स्कॅन बघायचा, मग डबा.

दुसरं, तारीख कशाची आहे हे विचारायची सवय. छापील कॅटांतही हेच होतं. मार्सेयच्या निकोला कोन्व्हेरच्या कॅटावर १७६० असं कोरलेलं असतं, पण ते साल लाकडी ठशाबरोबर येतं, आणि ठसे पिढ्यान् पिढ्या वापरात राहायचे, त्यामुळे हातातलं पान त्याहून बरंच उशिरा छापलेलं असू शकतं. ते ठरवायला कागद, रंग, पाठीमागची नक्षी आणि करवसुलीचे शिक्के बघावे लागतात. ग्रँगोनरच्या प्रकरणात तर तारीख पानावर नव्हतीच, ती दुसऱ्या वस्तूच्या हिशोबातून आणून लावलेली होती, तरी दीडशे वर्षं चालली.

नावाचं काय करायचं यावर माझं मत सांगतो. काही जण म्हणतात ‘शार्ल सहावा’ हे नाव पूर्ण टाकूनच द्या. मला ते पटत नाही. ग्रंथालयसुद्धा ‘शार्ल सहाव्याचा म्हणवला जाणारा’ असंच म्हणतं, जुन्या लेखांत, कॅटलॉगात सगळीकडे याच नावाने शोधावं लागतं, नाव काढून टाकलं तर नव्या माणसाला जुनं साहित्य सापडायचंच नाही. नाव हाक मारायला ठेवा, पत्ता म्हणून वापरू नका. माझ्या फॅक्सिमिलीच्या डब्यात मी चिठ्ठी घातली आहे ती अशी: ‘तथाकथित शार्ल सहावा टॅरो. बहुधा फ्लॉरेन्स, १५ व्या शतकाचा मध्य किंवा थोडं नंतर. १६ हुकूम, १ गुलाम. आकडे नंतरचे. गेन्यिएर संग्रह, १७११ पासून फ्रान्सच्या राजाकडे. १३९२ च्या नोंदीशी संबंध नाही.’ प्रत्येक विक्रेत्याने एवढ्या चार ओळी छापल्या तरी पुष्कळ काम होईल.

आणि ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी कामाची जागा कातानियाला आहे. सिसिलीतल्या कातानिया शहराच्या कास्तेल्लो उर्सिनो संग्रहालयात जुन्या रंगवलेल्या टॅरोची काही पानं आहेत, शैलीने या १७ पानांच्या अगदी जवळची, आणि हर्मिट, चॅरियट व वर्ल्ड ही पानं दोन्हीकडे आहेत. ती जोडीने लावून बघा. हर्मिटचं घड्याळ, चॅरियटवरच्या माणसाची उभं राहायची ढब, वर्ल्डच्या बाईच्या पायाखालचं डोंगर-गावांचं वर्तुळ, सोन्यातल्या टोच्यांची ओळ कुठून सुरू होते आणि पानाची कड कशी मुडपली आहे, हे सगळं एकेक करून लिहून काढा. दोन्ही कॅट एकाच कारखान्यातले आहेत का या प्रश्नाचं उत्तर आता कुठल्याही राजाच्या हिशोबात शोधायची गरज नाही, ते त्या टोच्यांच्या ओळींमध्ये आणि कडांमध्येच मिळेल.